समव्याधितांची सोबत आणि दूरध्वनी

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या आपल्याकडील एखाद्या वृद्ध गृहस्थास तेथल्या वास्तव्यातले काय ध्यानात राहिले असे विचारले, तर डॉक्टरांचे नाव किंवा इमारतीचा मजला त्यांस बहुधा सांगता येत नाही. परंतु दादरच्या श्री गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत शेजारी उतरलेल्या साताऱ्याकडील म्हाताऱ्याचे तोंड शेकाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, कितव्या आठवड्यात सोलले, त्याने पेज किती पातळ करून घेतली आणि जिभेला मिठाची चव पुन्हा केव्हा कळू लागली, हे मात्र ते तपशीलवार सांगतात. कर्करोगाचे हे अर्धे शास्त्र रुग्णालयाच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते धर्मशाळेच्या व्हरांड्यात, औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत आणि नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालयाच्या आवारातल्या झाडाखाली, एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे तोंडी चालत आलेले असते.

उपचार संपतात, कागदांची पिशवी घेऊन मनुष्य वडसा स्थानकावर उतरतो, तेथून बसने कोरचीस किंवा धानोऱ्यास जातो, आणि त्या क्षणापासून तो आपल्या रोगाच्या बाबतीत एकटा होतो. गावात माणसे नसतात असे नव्हे. उलट भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते. पण त्यांतल्या कोणाचेही तोंड दोन बोटांपुरतेच उघडत नाही, कोणाच्याही पोटास पिशवी लावलेली नाही, आणि म्हणून त्यांच्या सहानुभूतीस कितीही खोली असली तरी तिला माहितीचा आधार नसतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कचेऱ्या जवळ आल्या. अंतरे मात्र होती तेवढीच राहिली. सिरोंच्याच्या माणसास स्वतःच्याच जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यास 200 किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला मार्गच बंद पडतो. अशा प्रदेशात दर आठवड्यास एका खोलीत जमणारे रुग्णमंडळ ही कल्पना शहरातून आणलेली आणि म्हणून निरुपयोगी ठरते. दूरध्वनीवर जमणारे मंडळ मात्र शक्य आहे, आणि ते कसे जमवावे, कसे चालवावे व त्यापासून काय अपेक्षावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

रुग्णाने रुग्णास धीर द्यावा ही रीत जुनी असली तरी तिला संस्थेचे रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या टेरेस लॅसर या अमेरिकन बाईंनी 1952 मध्ये अशाच शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या इतर स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊन बसण्यास प्रारंभ केला, आणि रुग्णालयांच्या अधिकाऱ्यांस ते प्रथम फारसे रुचले नसले तरी पुढे तोच उपक्रम देशोदेशी पसरला. मुंबईत वंदना गुप्ता यांनी, स्वतः या रोगातून बऱ्या झाल्यानंतर, 1994 मध्ये ‘व्ही केअर’ ही संस्था काढली. तिचे अनेक स्वयंसेवक स्वतः या वाटेने जाऊन आलेले असतात आणि रुग्णालयात समक्ष तसेच दूरध्वनीवरही ते रुग्णांशी बोलतात. साधा मनुष्य, त्यास नीट शिकवले आणि त्याच्या कामाची मर्यादा आखून दिली, तर आरोग्याच्या कामी केवढा उपयोगी पडतो याचा दाखला शोधण्यास तर आपणांस जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी, म्हणजे गावातल्याच स्त्रियांनी, घरोघरी जाऊन नवजात बालके वाचवली आणि जगभरच्या वैद्यकाने त्याची दखल घेतली. त्या यशात शिक्षणाचा जेवढा वाटा होता तेवढाच, आपण काय करावयाचे नाही हे आरोग्यदूतास पक्के ठाऊक असण्याचा होता, असे मला वाटते. रुग्णमंडळाच्या चालकाने ध्यानात धरावी अशी गोष्ट हीच.

आता अपेक्षेविषयी. या बाबतीत वैद्यकाचा अनुभव मोठा उद्बोधक आहे. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगेल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये असे प्रसिद्ध केले की, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रिया वर्षभर दर आठवड्यास मंडळात बसून बोलत होत्या त्या इतरांपेक्षा बऱ्याच अधिक काळ जगल्या. या वार्तेने साहजिकच मोठी आशा उत्पन्न केली. परंतु कॅनडात 235 स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करण्यात आला, आणि 2001 मध्ये त्याचा जो निष्कर्ष बाहेर आला त्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दिसले ते एवढेच की, ज्यांचे मन मुळात अधिक खचलेले होते त्यांचा विषाद उणावला आणि वेदनाही कमी जाणवू लागली. माझ्या मते हे ‘एवढेच’ पुष्कळ आहे. पण जो कोणी आपणांस सांगेल की मंडळात या, हसत राहा, मन खंबीर ठेवा म्हणजे गाठ विरघळेल, त्याच्यापासून वृद्ध रुग्णाने दोन हात दूर राहावे. कारण गाठ विरघळली नाही म्हणजे त्या बिचाऱ्यास रोगाच्या जोडीला आपण खंबीर राहिलो नाही हा अपराधही वाहावा लागतो.

आणखी एक शोध याहूनही उपयोगाचा आहे. व्हिकी हेल्गेसन आणि त्यांचे सहकारी यांना अमेरिकेत असे आढळले की, ज्या स्त्रियांना घरी आधार नव्हता त्यांस समव्याधितांच्या चर्चेचा लाभ झाला. परंतु ज्यांना पतीचा व घरच्यांचा भरपूर आधार होता त्यांतल्या काहींस अशा चर्चेमुळे उलट अस्वस्थताच आली. नुसत्या बोलण्यापेक्षा रोगाविषयी माहिती देणाऱ्या बैठकी अधिक लोकांच्या उपयोगी पडल्या. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ज्या आजोबांभोवती नातवंडांचा गराडा आहे आणि ज्यांच्या सूनबाई वेळेवर औषध देतात, त्यांना केवळ चांगली गोष्ट म्हणून मंडळात ओढू नये. आणि ज्या आजीची मुले पुण्यास नोकरीवर आहेत व जी घरात एकटीच कुकर लावते, तिच्याकडे प्रथम जावे. दुसरी गोष्ट अशी की, मंडळाच्या प्रत्येक बैठकीस एक ठरावीक, उपयुक्त विषय असावा, आणि मोकळे बोलणे त्या विषयाच्या पोटातून निघावे.

असे मंडळ लहान असावे. व्हॉट्सॲपवर एका ग्रुपमध्ये हजाराहून अधिक माणसे घालता येतात, आणि ही सोय हाच पुष्कळ ग्रुपांचा नाश होय. आठ ते बारा रुग्ण, त्यांतल्या ज्यांना हवे असेल त्यांच्या घरचे प्रत्येकी एक माणूस, आणि दोन चालक, यापलीकडे जाऊ नये. दोन चालकांपैकी एक असा असावा की ज्याचे उपचार पूर्ण होऊन निदान वर्ष लोटले आहे, म्हणजे त्यास बोलण्याचा अधिकारही असतो आणि स्वतःच्या दुखण्यातून थोडी फुरसतही मिळालेली असते. दुसरा, ज्यास यंत्राचा उपयोग चांगला येतो असा निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर किंवा गावची अंगणवाडी सेविका. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यास ग्रुपमध्ये घेऊ नये, परंतु त्यास मंडळाची इत्तला अवश्य द्यावी आणि वैद्यकीय शंका त्याच्याकडे पाठवण्याची मुभा अगोदरच मागून घ्यावी. अधिकारी समक्ष बसलेला असला की आपली माणसे मोकळेपणी बोलत नाहीत, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव आहे.

सभासद निवडताना गाव एक असण्यापेक्षा अवयव एक असणे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे. एकाच तालुक्यातले पोटाचे, स्तनाचे व रक्ताचे रुग्ण एकत्र केले तर सहानुभूती मिळेल, पण माहितीची देवाणघेवाण अडखळेल. उलट आरमोरीचा, मूलचा आणि राजुऱ्याचा असे तिघे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण एकमेकांस पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. त्यातही भाषा पाहावी. झाडीबोली बोलणाऱ्या माणसास पुस्तकी मराठी समजते, पण दुखणे तो आपल्या बोलीतच सांगतो; अहेरी-सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी आणि एटापल्ली-भामरागडात माडिया ही घरची भाषा आहे. माडिया आजोबांना मराठी ग्रुपमध्ये कोपऱ्यात बसवण्यापेक्षा दोघातिघांचेच का होईना, त्यांच्या भाषेतले मंडळ काढावे.

येथे एका अडचणीचा विचार सविस्तर केला पाहिजे, कारण ती खास आपल्या प्रदेशाची आहे. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचे व्यसन गडचिरोली व चंद्रपूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती खोल गेले आहे हे सांगणे नको. घरातल्या पोरापासून सत्तरीच्या आजीपर्यंत तो घोटला आणि चघळला जातो, आणि गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारूइतकेच तंबाखूविरुद्धही चालवावे लागले आहे. परिणामी आपल्या मंडळांत तोंडाचे, जिभेचे व घशाचे रुग्ण पुष्कळ असणार, आणि या रोगाची शस्त्रक्रिया पुष्कळदा माणसाची वाचाच हिरावते. म्हणजे ज्या मंडळाचे सारे भांडवल बोलणे हेच, त्याच्या अनेक सभासदांस स्पष्ट बोलता येत नाही! लिहिण्याचा मार्ग सुचवावा तर वृद्धांतल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांना येते त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू, आणि किमोथेरपीच्या काही औषधांनी बोटांची टोके बधिर झाल्यामुळे बारीक अक्षरांवर बोट नेमके पडत नाही. ध्वनिसंदेश पाठवावा तर ऐकणाऱ्याचे कान अधू. यावर एकच एक तोड नाही. मंडळाने एक लेखनिक नेमावा, आणि त्याने प्रत्येक ध्वनिसंदेशाखाली त्याचा आशय एका ओळीत लिहावा, तसेच प्रत्येक लेखी मजकूर वाचून त्याचा ध्वनिसंदेश टाकावा. हे काम घरातली दहावीतली नात हौसेने करते. बोलू न शकणाऱ्यास विचारावयाचे प्रश्न होय-नाहीत उत्तर देता येईल असे करावे: ‘आज जेवण कसे गेले’ असे न विचारता ‘आज भात गेला का’ असे विचारावे, म्हणजे एक अंगठा दाखवला की उत्तर झाले. दृश्य संभाषणात कॅमेरा बंद ठेवणे हाच रिवाज असावा व चालू करणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जबडा काढलेल्या माणसास आपला चेहरा प्रथम आपल्यासारख्यांस दाखवावासा वाटतो तो दिवस त्याचा त्याने निवडावा.

ज्यांच्याजवळ साधा बटनांचा फोन आहे त्यांना वगळू नये. साध्या कॉन्फरन्स कॉलमध्ये चार-पाच माणसे सहज जोडता येतात, आणि खरे सांगावयाचे तर वृद्धांची उत्तम बैठक तेवढ्याच माणसांत होते. मोठ्या फोनवर अक्षरांचा आकार वाढवून द्यावा, ग्रुप वरच्या बाजूस पिन करावा, आणि छायाचित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, नाहीतर सुप्रभातच्या गुलाबांनी आठवड्याभरात फोन भरून जातो. (गुलाबांस माझा विरोध नाही, पण ज्या ग्रुपात तापाची वार्ता चाळीस गुलाबांखाली दडपली जाते त्या ग्रुपाचा रुग्णास काय उपयोग?) म्हणून सकाळच्या शुभेच्छा, देवांची चित्रे, राजकारण आणि पुढे ढकललेले कोणतेही संदेश येथे नकोत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि तो सरपंचांसही लागू करावा.

बैठकीची वेळ ठरवताना पंचांग पाहू नये. शेत आणि जंगल पाहावे. मार्च-एप्रिलात मोहफूल वेचण्यासाठी घर पहाटेच रिकामे होते, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, दिवाळीनंतर कापणी-मळणी आणि रात्री झाडीपट्टीची नाटके. या काळात रुग्ण घरी असला तरी फोन धरून देणारा घरी नसतो. ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी होते, तेथे ती आटोपल्यानंतरची वेळ चांगली, कारण एकत्र बसून शांतपणे ऐकण्याचे वळण माणसांस आधीच पडलेले असते. परंतु एक तपासणी अगोदर करावी. घरात रेंज येते काय? जर फोनवर बोलण्यासाठी रस्त्याच्या कडेला किंवा टेकाडावर जावे लागत असेल, तर ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा मूलच्या शिवारात दिवेलागणीला वृद्ध माणसास तेथे उभे करणे म्हणजे त्यास वाघाच्या वाटेवर उभे करणे होय. अशांसाठी सकाळी अकराची वेळ ठेवावी, आणि उन्हाळ्यात तीही नऊवर आणावी. बैठक पाऊण तासाहून लांबवू नये. किमोथेरपीनंतरचा थकवा हा झोपेने जाणारा थकवा नसतो, आणि मंडळात ‘मी आता ठेवतो’ म्हणण्यास कोणालाही संकोच वाटता कामा नये.

विषय कोणते घ्यावेत याची वाण नाही. शेकानंतर कोरडे पडणारे तोंड. तोंड उघडण्याचे व्यायाम, जे कंटाळवाणे असतात म्हणून सोडले जातात आणि सोडले म्हणजे जबडा पुन्हा मिटू लागतो. पोटावरच्या पिशवीभोवतीची त्वचा कशी जपावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात. नळीतून द्यावयाचे अन्न घरच्या अंबिलापासून कसे गाळून करावे, आणि ते डॉक्टरांस किंवा आहारतज्ज्ञास विचारूनच का करावे. वेदनेचा विषय तर मुद्दाम काढावा. मॉर्फिन म्हणजे शेवटची घंटा, किंवा मॉर्फिन म्हणजे व्यसन, अशी समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे की म्हातारी माणसे दात ओठ खाऊन रात्री काढतात पण गोळी घेत नाहीत. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी औषधे रुग्णांस मिळण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. ज्याने ती गोळी घेतली व त्यानंतर प्रथमच रात्रभर झोपला, अशा सभासदाचे दोन शब्द येथे व्याख्यानापेक्षा अधिक काम करतात.

मात्र येथेच मंडळाची मुख्य मर्यादा येते. सभासदाने ‘मला असे झाले, मी असे केले’ म्हणावे. ‘तुम्ही हे घ्या, ते सोडा’ असे म्हणू नये. वृद्ध माणसास बहुधा रक्तदाब, मधुमेह यांपैकी काहीतरी जडलेले असते, त्याचे मूत्रपिंड तरुणासारखे काम करत नाही, आणि म्हणून एकाची मात्रा दुसऱ्यास विषही होऊ शकते. काही लक्षणे तर अशी आहेत की त्यांची चर्चा मंडळात करणे हाच अपराध समजावा. किमोथेरपी चालू असताना 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, थंडी वाजून हुडहुडी भरली, रक्तस्राव थांबेना, श्वास लागला, पाठीत नवे दुखणे निघून पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, नेहमी शुद्धीत बोलणारा मनुष्य एकाएकी असंबद्ध बोलू लागला: अशा वेळी ग्रुपवर विचारण्यात घालवलेला तास परत मिळत नाही. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णालय गाठावे, ग्रुपला मागाहून कळवावे. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या भिंतीवर लावावी, आणि थर्मामीटर घरात ठेवण्याची सक्ती प्रत्येक सभासदावर करावी.

जडीबुटीचा प्रश्न आपल्या जंगलप्रदेशात नाजूक आहे. पुजारी, वैदू आणि त्यांची वनस्पतींची ओळख यांचा उपहास करून मंडळ चालणार नाही; तो उपहास अन्यायाचाही आहे. परंतु काढा चालू असेल तर तो किमो देणाऱ्या डॉक्टरांस सांगितलाच पाहिजे, कारण यकृतावर दोहोंचा भार एकदमच पडतो, एवढा आग्रह धरावा. दूरवरच्या शहरातून ‘शंभर टक्के हमी’ देणारा जो औषधवाला ग्रुपात शिरतो त्याची गोष्ट निराळी. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे हाच 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये गुन्हा आहे; अशास चालकाने विचारणा न करता ग्रुपातून काढावे. तसेच कोणत्याही सभासदाच्या नावाने पैशाची मागणी आली, तर ज्याचे नाव आहे त्यास साध्या फोनवर विचारल्याखेरीज दमडी पाठवू नये. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण तक्रार जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

गुप्ततेविषयी आपली कल्पना शहरी माणसाहून भिन्न आहे. आपल्या गावात आजार लपतच नाही, तर लपवायचे काय, असे पुष्कळांस वाटते. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकास दिसतो, आणि एकाने पाठवलेले जखमेचे छायाचित्र दुसऱ्याचा नातू कोठे पाठवील याचा नेम नसतो. म्हणून आधार कार्ड, बँकेचे पासबुक, तपासणीचा अहवाल यांची छायाचित्रे ग्रुपात टाकू नयेत, जखमेची तर नाहीच नाही. ज्यांचा फोन मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो त्यांचे प्रत्येक वाक्य त्या घरात वाचले जाते, हेही चालकाने ध्यानात ठेवून अशा सभासदाशी नाजूक विषय ग्रुपात न काढता समक्ष काढावा.

याहून बिकट प्रसंग म्हणजे ज्या घरात वृद्धास रोगाचे नावच सांगितलेले नाही. ‘आबांना काही कळू देऊ नका, ते खचतील’ असे मुले हात जोडून सांगतात, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. तथापि किमोच्या खोलीत महिनोन्महिने बसलेल्या आबांना काही कळलेले नाही असे समजणे हा मुलांचा भाबडेपणा असतो. बहुधा आबांनाही मुलांना खचवायचे नसते, म्हणून दोन्ही बाजूंनी मौन चाललेले असते. मंडळाने हे मौन फोडण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये. अशा रुग्णास ग्रुपात घालू नये. मुलास मात्र देखभाल करणाऱ्यांच्या वेगळ्या मंडळात घ्यावे, आणि आबांनी स्वतः विचारले तर खोटे बोलायचे नाही एवढे वचन त्याच्याकडून हळूहळू मिळवावे. देखभाल करणाऱ्यांचे, विशेषतः सुनांचे आणि वृद्ध पत्नींचे, असे निराळे मंडळ असणे मला अत्यावश्यक वाटते. रुग्णासमोर ज्यांना रडता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी जागा नसते.

मंडळात मृत्यू होणार. बारा वृद्ध कर्करुग्णांच्या मंडळात वर्षभरात तो न होणे हेच आश्चर्य, आणि त्याचा बंदोबस्त पहिल्या महिन्यातच करून ठेवावा. वार्ता ग्रुपात पडण्यापूर्वी चालकाने शक्य तितक्या सभासदांस स्वतः फोन करून सांगावी, विशेषतः ज्याची अवस्था मृतासारखीच आहे त्यास. त्या आठवड्याची बैठक रद्द करू नये, उलट ती अवश्य घ्यावी आणि गेलेल्याविषयीच बोलावे. मृताचा क्रमांक लगेच काढून टाकू नये, तेराव्यानंतर घरच्यांस विचारून काढावा. काही घरची माणसे ग्रुपात राहू इच्छितात व त्यांना राहू द्यावे. यानंतर जो सभासद जेवण सोडतो, फोन उचलत नाही किंवा ‘आता माझा भार कोणावर नको’ असे बोलू लागतो, त्याकडे वैराग्य म्हणून पाहू नये. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला चोवीस तास विनामूल्य मिळतो, आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 हा क्रमांक आहे. परंतु केवळ क्रमांक पाठवून चालकाने मोकळे होऊ नये, समोर बसून फोन लावून द्यावा आणि त्याच दिवशी घरच्या माणसासही जागे करावे.

शेवटी कागदपत्रे; आणि या एकाच बाबतीत मंडळ रुग्णालयापेक्षाही शहाणे ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणता उपचार कोठे बसतो, 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे जे वय वंदना कार्ड मिळू लागले त्यासाठी आधारवरील जन्मतारीख बरोबर का असावी लागते, रेल्वेच्या सवलतीच्या दाखल्यावर कोणत्या खिडकीवर सही होते, चंद्रपुरात जिल्हा खनिज प्रतिष्ठान व टाटा न्यास यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या कर्करुग्णालयात कोणता उपचार होतो आणि कोणत्यासाठी अजूनही नागपूरच गाठावे लागते, हे सर्व नुकतेच जाऊन आलेल्या सभासदास ताजे ठाऊक असते. ते एका वहीत तारखेसह उतरवून ठेवण्याचे काम लेखनिकाकडे द्यावे, कारण नियम बदलतात आणि गेल्या वर्षीचा सल्ला यंदा एक फेरी फुकट घालवतो. मंडळ काढण्याची इच्छा असणाऱ्याने पुढच्या तपासणीस जाताना रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांस भेटावे, आपल्या तालुक्यांतील ज्या रुग्णांची संमती असेल त्यांना आपला क्रमांक देण्याची विनंती करावी, आणि रांगेत शेजारी बसलेल्या माणसास, त्याचे गाव विचारून झाल्यावर, फोनमध्ये रेंज कोठे येते तेही विचारून घ्यावे.